पेरू : कोल्का खोऱ्यातलं कबानाकोंदे, गावच्या बसने आणि बाजारात जेवत

रानवाट

पेरूचे बेत आखणाऱ्यांचे प्रश्न इथे अधूनमधून येतात आणि उत्तरं कुस्को-माचू पिचूपाशी संपतात. दक्षिणेला आरेकिपापर्यंत जाणार असाल तर त्याच्या पुढच्या कोल्का खोऱ्याबद्दल, त्यातही कबानाकोंदे या गावाबद्दल जरा सविस्तर लिहितो. मी शोधत होतो तेव्हा मराठीत कामाचं काही हाती लागलं नव्हतं, म्हणून हा धागा.

आधी नकाशा डोक्यात असू द्या. आरेकिपा २,३३५ मीटरवर. तिथून उत्तरेला रस्ता चढत जातो, सालिनास इ आग्वादा ब्लांका या राखीव क्षेत्राचं उजाड पठार ओलांडतो (लामाच्या कुळातल्या रानटी विकुन्यांचे कळप इथे बसमधूनच दिसतात), पातापाम्पाच्या खिंडीत ४,९१० मीटरला पोचतो आणि मग उतरून चिवायला येतो. चिवाय ३,६३५ मीटरवर, खोऱ्यातलं मोठं, बाजाराचं गाव. तिथून नदीच्या डाव्या तीराने यांके, आचोमा, माका, पिन्चोयो अशी गावं घेत रस्ता पश्चिमेला कबानाकोंदेला जातो. वाटेत क्रूस देल कोंडोर लागतं, जिथे कोंडोर ही महाकाय गिधाडं बघायला जगभरातले लोक येतात. कबानाकोंदे ३,२८७ मीटरवर, दरीच्या काठाशी. या दरीची खोली काही ठिकाणी तीन हजार मीटरच्या पुढे जाते.

आरेकिपाच्या गल्लीगल्लीत कोल्काची एका दिवसाची सहल विकतात. पहाटे तीनला हॉटेलवरून उचलायचं, अंधारात झोपेतच ४,९१० मीटरची खिंड ओलांडायची, तासभर कोंडोर, मग पर्यटकांच्या उपाहारगृहात बुफे, संध्याकाळी परत. माझं म्हणणं स्पष्ट आहे : ही सहल घेऊ नका. खोऱ्यात मुक्काम करा, गावच्या बसने फिरा, बाजारात जेवा. पैसे वाचतात हे खरंच, पण ते ज्यांचं खोरं आहे त्यांच्या हातात पडतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आणि माणसं दिसतात. सहलीच्या गाडीतून फक्त दरी दिसते.

बसचं असं आहे. आरेकिपात दोन स्थानकं शेजारीशेजारी आहेत, तेर्मिनाल तेरेस्त्रे आणि तेरापुएर्तो. कबानाकोंदेच्या गाड्या चिवायमार्गे जातात. चिवायपर्यंत तीन-साडेतीन तास, कबानाकोंदेपर्यंत सहा तास धरा. भाडं चिवायला वीस सोलच्या आसपास, पुढे आणखी थोडं. सोल हे पेरूचं चलन, एका सोलचे साधारण पंचवीसच्या आसपास रुपये होतात. तिकीट काढल्यावर स्थानकाचा प्रवेशकर वेगळ्या खिडकीवर भरावा लागतो, दोन-तीन सोल. त्याची चिठ्ठी नसेल तर फलाटावर सोडत नाहीत.

चिवायच्या पुढे खरी मजा. बस अर्धी रिकामी निघते आणि पहिल्या दोन गावांतच भरते. बायका पाठीवर रंगीत चादरीत लसूणघासाचे भारे बांधून चढतात आणि सगळी गाडी त्या हिरव्या वासाने भरून जाते. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. डोक्यावर दाट भरतकामाची टोपी, मांडीवर टोपली, टोपलीत फडक्याखाली उकडलेली कणसं. गाडीने वळण घेतलं की त्या एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने माझी बॅग धरत. उतरताना फडकं बाजूला करून एक कणीस माझ्या हातात ठेवलं, वर चीजचा तुकडा. पैसे देऊ केले तर हाताने नको म्हणाल्या.

उतरायचं असेल तर मोठ्याने ‘बाहो!’ म्हणायचं, कंडक्टर गाडी थांबवतो. चिवायहून कबानाकोंदेला जाताना उजवीकडची खिडकी धरा, दरी त्याच बाजूला असते.

खोऱ्यात शिरताना परदेशी प्रवाशाला ७० सोलचं पर्यटन तिकीट घ्यावं लागतं. ते शेवटपर्यंत जपून ठेवा, क्रूस देल कोंडोरला पुन्हा बघतात.

जेवणाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

ठाणेकर काकू

छान लिहिलंयस रे. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. लेक अमेरिकेत आहे, तिच्याकडून पुढे पेरू करायचं मनात आहे. ४,९१० मीटर वाचून पोटात गोळा आला. झेपेल का? आणि दुसरं, आम्ही शाकाहारी. अंडं चालतं.

रानवाट

काकू, दोन्हीचं नीट सांगतो.

उंचीचा खरा प्रश्न मुक्कामाचा असतो. खिंड अर्ध्या तासात ओलांडली जाते, तुम्ही झोपणार ३,३०० ते ३,६०० मीटरवर. त्यामुळे आधी आरेकिपात दोन-तीन रात्री काढा. लिमाहून विमानाने आरेकिपाला या आणि मग वर चढा. लिमाहून थेट कुस्कोला उतरण्यापेक्षा हा क्रम शरीराला सोपा, कारण कुस्को ३,४०० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी पोटभर जेवू नका, पाणी सतत प्या, जिना चढायची घाई नको. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. उंचीवर घ्यायच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच. डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला तर थांबू नका, खाली उतरा.

आता शाकाहार. चिवायच्या बाजारात सकाळी मोठाल्या पातेल्यांतून वाफा निघत असतात आणि सगळे काल्दो पीत बसलेले असतात. ते मांसाचं सूप. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर बाई त्याच सुपातून मटणाचा तुकडा बाजूला काढून वाडगा पुढे करते. तिच्या हिशोबाने तुम्ही मागितलं तेच तिने दिलेलं असतं. म्हणून सुपाच्या वाटेला जाऊ नका, हे मागा :

चोक्लो कोन केसो म्हणजे उकडलेलं कणीस आणि ताजं चीज, सगळीकडे मिळतं. सोल्तेरो दे केसो ही आरेकिपाची कोशिंबीर, त्यात उकडलेले बाकल्याचे दाणे, मका, चीज, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह आणि रोकोतो मिरची. लोक्रो दे सापायो ही भोपळ्याची दाटसर भाजी, मका-बटाटा-चीज घालून, भाताबरोबर. ती मात्र कशाच्या पाण्यात शिजवली ते विचारा. पास्तेल दे पापा म्हणजे बटाट्याच्या चकत्या, दूध, अंडं, चीज यांचे थर भाजून. आरेकिपात तो रोकोतो रेयेनोच्या, म्हणजे सारण भरलेल्या रोकोतो मिरचीच्या जोडीला देतात, पण नुसता मागितला तरी मिळतो.

आणि ओकोपा! उकडलेल्या बटाट्यावर भाजलेले शेंगदाणे, वाळकी पिवळी मिरची, चीज आणि वाकाताय नावाचा पाला वाटून केलेला दाट रस्सा. दाण्याची आमटी थंड करून बटाट्यावर ओतावी तशी चव लागते, फक्त वाकातायचा वास त्याला वेगळ्याच गावी नेतो. ही वनस्पती झेंडूच्या कुळातली आहे. जुन्या पद्धतीत कोळंबीही वाटून घालतात, म्हणून ‘सिन कामारोनेस’ सांगा.

लिमावासी

कामानिमित्त बरीच वर्षं लिमात आहे, म्हणून थोडी भर.

दुपारी ‘मेनू’ मागा. पेरूभर हीच रीत आहे : ठरलेल्या किमतीत आधी सूप, मग मुख्य ताट, बरोबर एक पेय, कधी छोटं गोड. पाटीवर खडूने त्या दिवशीचे दोन-तीन पर्याय लिहिलेले असतात. यादीतून एकेक पदार्थ मागवणं त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं. काम करणारी माणसं जिथे बसलेली दिसतील तिथे बसा.

आरेकिपात प्रत्येक वाराचं सूप ठरलेलं आहे. सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो. रविवारी सकाळी आदोबो, म्हणजे चिचा (मक्याची आंबवलेली दारू) घालून रात्रभर मुरवलेलं डुकराचं मांस, मातीच्या भांड्यात शिजवलेलं, तीनटोकी पावाबरोबर. मांसाहारी असाल तर रविवारची सकाळ आरेकिपात काढाच. चाइरोमध्ये चुन्यो असतो. जून-जुलैच्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. असे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. पहिल्या घासाला मातकट लागतात, नंतर आवडायला लागतात.

रोकोतोबद्दल सावध करतो. दिसते टोमॅटोसारखी गोल, लाल, मांसल. आत बिया काळ्या. आपण कोल्हापुरी खाणारे म्हणून चावू नका, आधी कडेचा तुकडा चाखा.

फळांच्या रसाच्या गाड्यावर पेला संपला की बसून राहा. भांड्यात उरलेला रस बाई पुन्हा तुमच्या पेल्यात ओततात. त्याला यापा म्हणतात, त्याचे वेगळे पैसे नसतात.

वेळेचं गणित

रानवाट, तुमचं म्हणणं पटतंय, पण ज्यांना कंपनीतून मोजून दोन आठवडे रजा मिळते त्यांनी काय करायचं? कुस्को, पुनो, लिमा बसवायचं तर कोल्काला एकच दिवस उरतो. अशा माणसाला ‘सहल घेऊ नका’ सांगणं म्हणजे ‘कोल्का बघू नका’ सांगण्यासारखं आहे. मी ती सहल घेतली होती, कोंडोर दिसले, मला आनंद झाला.

रानवाट

कोंडोर दिसले याचा मलाही आनंद आहे. पण एक दिवसच असेल तर मी खरंच म्हणेन, कोल्का गाळा आणि तो दिवस आरेकिपाला द्या. सांता कातालिना मठ आहे, सान कामिलोचा बाजार आहे, आम्पातो पर्वतावर १९९५ साली सापडलेली इंका काळातली हुआनिता या मुलीची गोठलेली ममी जिथे ठेवली आहे ते संग्रहालय आहे. (तिला वर्षातले काही महिने विश्रांती देतात, तेव्हा दुसरी ममी असते.) २,३३५ वरून पहाटे उठून ४,९०० वर जाणं-येणं यात अनेकांचं निम्मं लक्ष डोकेदुखीकडेच असतं.

एक रात्र काढता आली तरी चित्र बदलतं. दुपारच्या बसने चिवाय किंवा यांके, संध्याकाळी ला कालेराच्या गरम पाण्याच्या कुंडात बसा, पहाटेची कबानाकोंदेची बस धरून क्रूस देल कोंडोरला उतरा. कोंडोर साधारण आठ ते दहाच्या दरम्यान वर येतात. दहा-बारा किलोचा पक्षी, पंखांचा पसारा तीन मीटर. तो पंख फडफडवून चढत नाही, ऊन पडून दरीतली हवा तापली की तिच्यावर स्वार होतो. म्हणून फार लवकर जाऊन उपयोग नाही, आणि ढगाळ सकाळी धीर धरावा लागतो. डिसेंबर ते मार्च पाऊस, त्या दिवसांत कमी दिसतात आणि रस्त्यावर दरडीही येतात.

कबानाकोंदेत मुक्काम असेल तर चौकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आचाचिउआ नावाची जागा आहे, तिथूनही दिसतात. तिथे मी होतो तेव्हा आणखी फक्त एक मेंढपाळ होता.

माणदेशी

खायच्या-प्यायच्या गप्पांत पाण्याचं घुसवतो, पण त्या गावाचं नाव वाचल्यावर राहवलं नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कामात होतो, त्यामुळे कबानाकोंदे माहीत आहे ते कालव्यामुळे.

खोऱ्यात दिसणाऱ्या त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीतला बराच भाग इंकांच्याही आधीचा आहे. पाऊस बेताचा, सगळी भिस्त वरच्या बर्फाच्या पाण्यावर. कबानाकोंदेचं पाणी उआल्का उआल्का पर्वतावरून येतं. ते पाळीने कोणाला किती द्यायचं हे ठरवणारा माणूस गाव नेमतं आणि पेरणीआधी सगळे मिळून चाऱ्या साफ करतात, पूजा करतात.

सत्तरच्या दशकात माखेस प्रकल्प आला. कोल्काचं पाणी वरच्या अंगाला तुतीजवळ उचलून बोगदे आणि कालव्यांनी शंभरेक किलोमीटरवरच्या किनारपट्टीच्या वाळवंटात नेलं, तिथे नवी शेती उभी केली. कालवा कबानाकोंदेच्या शिवारातून जातो, पण गावाला त्यातलं पाणी नव्हतं. दुष्काळात पिकं करपत होती आणि डोळ्यांदेखत पाणी पुढे चाललं होतं. १९८३ मध्ये गावातल्या काही जणांनी कालवा फोडला. गाव त्यांच्या पाठीशी उभं राहिलं आणि शेवटी सरकारला गावाचा वाटा मान्य करावा लागला. त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडीक असलेल्या पायऱ्या पुन्हा लागवडीखाली आल्या.

आमच्या माण-खटावकडे धरणांचं पाणी यायला किती पिढ्या गेल्या हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. पाणी शेजारून जाताना बघत बसणं काय असतं, ते मला कोणी समजावून सांगायला नको. कोणी तिकडे गेलं तर तो कालवा जरूर बघून या.

रानवाट

माणदेशी, मनापासून आभार. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी कालवा हात करून दाखवला होता आणि ‘एल आग्वा एस नुएस्त्रा’ म्हणाले होते, पाणी आमचं आहे. त्या आवाजामागे एवढं सगळं होतं, हे आज नीट कळलं.

त्या पायऱ्यांवर होणारा मका ‘काबानिता’ म्हणून ओळखला जातो. दाणे पांढरे, पिवळे, लाल, जांभळे. घरी तो मातीच्या भांड्यात कोरडा भाजतात, दाणा फुलत नाही, तडकून खुसखुशीत होतो. संध्याकाळी थंडी उतरली की चुलीपाशी बसून तो आणि मुन्याच्या पाल्याचा चहा. काकू, हे पूर्ण शाकाहारी.

सुईदोरा

त्या आजींच्या टोपीबद्दल अजून सांगा ना. मी भरतकाम करते. फोटोंत दोन प्रकारच्या टोप्या दिसतात, एक पांढरी आणि एक गच्च भरलेली.

रानवाट

सुईदोराताई, बरोबर पाहिलंत. चिवाय-यांकेकडच्या कोयाग्वा बायका गवताची पांढरी, फितीची टोपी घालतात. कबानाकोंदेकडच्या काबाना बायकांची टोपी कापडाची, गोलसर, मशीनवर भरलेली : फुलं, पक्षी, मासे, एकही कोपरा मोकळा नाही. बसमध्ये टोपी बघून बाई कुठल्या अंगाची ते कळतं.

यामागे जुनी गोष्ट आहे. स्पॅनिश अधिकाऱ्याने १५८६ साली लिहून ठेवलंय की इथे लहान मुलांची डोकी बांधून त्यांना आकार देत. कोयाग्वांची उंच निमुळती, काबानांची रुंद चपटी, आपापल्या पर्वतासारखी. ती प्रथा बंद पडली आणि ओळख टोप्यांवर आली, असं खोऱ्यात सांगतात.

भरतकामाची दुकानं चिवायच्या बाजारात आहेत, कारागीर तिथेच मशीनवर बसलेले असतात आणि त्यात पुरुषही बरेच. डिसेंबरच्या ८ तारखेच्या सुमारास गेलात तर हे सगळे कपडे वितिती नाचात अंगावर दिसतील. युनेस्कोने २०१५ मध्ये त्या नाचाची नोंद घेतली आहे. त्यात पुरुषही भरलेले घागरे घालतात.

वेळेचं गणित

ठीक, मान्य. पुढच्या वेळी एक रात्र काढीन. दरीत उतरायचं असेल तर?

रानवाट

कबानाकोंदेहून सांगायेला वाट उतरते, तळाशी हिरवळ आणि पोहायची तळी. उतार अकराशे मीटरच्या आसपास. उतरताना गुडघे बोलतात, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी वर येताना. अंधार असतानाच निघा, नऊनंतर ऊन भाजून काढतं. वाटेत पाणी नाही. चढणं जमणार नाही असं वाटलं तर आदल्या संध्याकाळी खेचर सांगून ठेवता येतं, त्यात कमीपणा नाही.

पैशांचंही इथेच सांगतो. कबानाकोंदेत रोखच चालते. चिवायच्या पुढे एटीएमवर विसंबू नका. शंभर सोलची नोट छोट्या दुकानात कोणी घेत नाही, आरेकिपातच दहा-वीसच्या नोटा आणि नाणी करून घ्या.

ठाणेकर काकू

कोकाचा चहा सगळे सांगतात, तो घ्यावा का? आणि लेकीने विचारलंय, थोडी पाकिटं आणता येतील का.

लिमावासी

काकू, तिथे जरूर घ्या. पेरूत तो कायदेशीर आहे, बसथांब्यांवर आणि घरोघर मिळतो. पण परत आणू नका, अमेरिकेतही नाही आणि भारतातही नाही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पानही येतं, चहाची पिशवी म्हणून सूट नाही. आणायचाच असेल तर मुन्या आणा.

व्हिसाचंही बघा. तुमच्याकडे अमेरिकेचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर भारतीय पारपत्रावर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा.

सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण विसरतात : पेरूहून थेट भारतात परतणाऱ्याकडे आपलं आरोग्य खातं पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतं. तुम्ही जंगलाकडे गेला नसलात, फक्त कोल्का आणि कुस्को केलं असलं तरी. यादीत देशाचं नाव आहे, प्रदेशाचं नाही. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात. मुंबई-पुण्यात सरकारमान्य केंद्रं आहेत, तारखा आधी घ्याव्या लागतात. आणि साठीच्या पुढे ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात, तेव्हा तुम्ही दोघांनी बाकी बुकिंगच्या आधी हे काम करा.

ठाणेकर काकू

बरं झालं सांगितलंस. सोमवारीच डॉक्टरांकडे जाते.